शेरबूरच्या छत्र्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाक दमीचा १९६४ चा हा फ्रेंच चित्रपट आमच्या छोट्याशा फिल्म क्लबात दाखवून झाला की दिवे लागतात आणि बराच वेळ कोणी खुर्चीतून उठत नाही. दोन दिवसांनी मात्र फोनवर प्रश्नांचा पाऊस सुरू होतो, आणि गेली काही वर्षं ते बहुतेक तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवली. पहिले सहा प्रश्न चित्रपट न पाहिलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. सातव्यापासून पुढे शेवट फुटतो, तेव्हा जपून.

१. गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

उत्तर फ्रान्समधलं शेरबूर हे पावसाळी बंदर, साल १९५७, महिना नोव्हेंबर. एमरीबाई आणि त्यांची सतरा-अठरा वर्षांची मुलगी जन्व्हिएव्ह छत्र्यांचं दुकान चालवतात. दुकान तोट्यात आहे. मुलीचं गी नावाच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकवर प्रेम आहे आणि आईला ते पसंत नाही. तेवढ्यात गीला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी दोन वर्षं अल्जीरियाला जायचा हुकूम येतो, आणि तो गेल्यावर जन्व्हिएव्हला दिवस गेल्याचं कळतं. त्याच सुमारास दुकानाचं देणं फेडायला आईला गळ्यातला मोत्यांचा सर विकायची वेळ येते. सराफाकडे एक हिऱ्यांचा व्यापारी भेटतो, त्याचं नाव रोलां कासार.

चित्रपट एक्क्याण्णव मिनिटांचा. भाग तीन : प्रयाण, विरह, परतणं. शेवटी १९६३ च्या डिसेंबरमधला एक छोटा उपसंहार.

२. ही नावं म्हणायची कशी?

शहर ‘शेरबूर’, शेवटचा ‘ग’ उच्चारत नाहीत. नायिकेची भूमिका करणारी कातरीन दनव्ह, संगीतकार मिशेल लग्रां. नायकाचं नाव ‘गी’. सबटायटलं वाचत त्याला ‘गाय’ म्हणू नका. क्लबात एकदा असं झालं आणि पुढचा अर्धा तास गंभीर प्रसंगातही मागच्या रांगेतून हसू येत होतं.

३. एलीझ ही गीची मावशी की आत्या?

हा प्रश्न फक्त मराठी माणूसच विचारतो. फ्रेंचमध्ये दोघींना एकच शब्द. तिनं गीला वाढवलं आहे आणि ती अंथरुणाला खिळलेली आहे, एवढंच गोष्टीला पुरतं. माझ्या तोंडी ‘मावशी’ बसलं, कारण आईच्या जागी कोण म्हटलं की आपल्याला मावशीच आठवते. आत्यांनी राग मानू नये.

४. सगळेच संवाद गाऊन म्हणतात? म्हणजे ऑपेरा की आपलं संगीत नाटक?

खरोखर सगळेच. ‘गाडी झाली का?’ पासून ‘पेट्रोल कुठलं भरू?’ पर्यंत एकही वाक्य नुसतं बोललेलं नाही.

संगीत नाटकात गद्य चालू असतं, भाव दाटला की पद येतं, आणि रसिक त्या पदाची वाट पाहत बसलेले असतात. हिंदी-मराठी चित्रपटातल्या गाण्याचंही तसंच. इथे ती सोयच ठेवलेली नाही. गाणं सुरू होण्याची वाट पाहाल तर कंटाळाल, कारण ते पहिल्या मिनिटाला सुरू होतं आणि संपतच नाही. ऑपेराशी नातं आहे, पण आवाज ऑपेराचे नाहीत. हलके, बोलीभाषेच्या जवळचे, जॅझच्या वळणाचे आहेत. शब्दही साधे, यमकं जवळपास नाहीतच. दमीनं यासाठी स्वतःचा शब्द केला : ‘रंगीत’ तसा ‘आं शांते’ चित्रपट, म्हणजे गायलेला. फ्रेंचमध्ये त्याच उच्चाराचा ‘मंत्रमुग्ध’ असाही अर्थ होतो.

पहिल्याच दृश्यात गॅरेजमधला एक सहकारी कुरकुरतो की ऑपेरातली ती गाणारी माणसं बघवत नाहीत, त्यापेक्षा सिनेमा बरा. ही कुरकुर अर्थातच तो गाऊन करतो. दिग्दर्शकानं तुमची शंका तुमच्या आधीच पडद्यावर मांडून ठेवली आहे. दहा मिनिटं धीर धरा, कान सरावतो.

५. दनव्ह स्वतः गायली आहे का?

नाही, मुख्य भूमिकांपैकी कोणीच स्वतः गायलेलं नाही. प्लेबॅक म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. जन्व्हिएव्हचा आवाज दानिएल लिकारीचा, गीचा होसे बार्तेलचा. आईसाठी क्रिस्तियान लग्रां गायली, ती संगीतकाराची सख्खी बहीण. गीची भूमिका करणारा नीनो कास्तेलनुओव्हो तर मुळात इटालियन.

आपल्याकडच्या पद्धतीहून एक गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे पाच मिनिटांचं गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, बाकीचा चित्रपट नटांच्या हातात असतो. इथे अख्खा चित्रपट आधी ध्वनिमुद्रित झाला. म्हणजे दारापासून टेबलापर्यंत चालायला किती सेकंद, रडण्याआधी किती थांबायचं, हे कॅमेरा सुरू होण्याआधीच पक्कं झालेलं. नटांनी त्या मापात जगायचं. दनव्ह तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होती. ते माप तिनं असं पेललं आहे की ओठ हलवतेय हे पाच मिनिटांत विसरायला होतं.

६. मी पाहिलेली प्रत फिकट, विटकरी होती. आणि मित्र म्हणतो रंग डोळ्यांत भरतात. कोण खरं?

दोघंही. त्या काळच्या ईस्टमनकलर फिल्मवरचे रंग वर्षांगणिक उडत जातात, आणि या चित्रपटाच्या जुन्या प्रतींचं तेच झालं. पण दमीनं आधीच शहाणपणा केला होता : लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांच्या वेगवेगळ्या कृष्णधवल प्रती काढून ठेवल्या होत्या. कृष्णधवल फिल्म त्यामानानं टिकते. दमी १९९० मध्ये गेला. त्यानंतर त्याची पत्नी, दिग्दर्शिका आन्येस वार्दा, हिनं त्या तीन प्रती एकत्र आणून मूळ रंग परत मिळवले. लग्रांनी ध्वनीवर पुन्हा काम केलं. २०१३ मध्ये डिजिटल संस्करणही झालं. तेव्हा ‘पुनरुज्जीवित’ असा उल्लेख नसलेली प्रत घेऊ नका.

या चित्रपटात रंगांवर हा खर्च वाया जात नाही. कलादिग्दर्शक बेर्नार एव्हेंनी शेरबूरमधल्या खऱ्या भिंतींवर गुलाबी, जांभळे, हिरवे कागद चढवले आणि कपडे त्यांच्याशी जुळवले. काही ठिकाणी नायिकेचा झगा आणि मागची भिंत जवळपास एकच होते. ती त्या घरात मुरत चालली आहे, हे सांगायला मग शब्द लागत नाहीत.

*(इथून पुढे शेवट उघड होतो.)*

७. गीला अल्जीरियाला जाणं टाळता आलं नसतं का?

नाही. तो स्वयंसेवक नाही, सक्तीच्या भरतीतला पोरगा आहे. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. १९५४ ला सुरू झालेलं तिथलं स्वातंत्र्ययुद्ध १९६२ पर्यंत चाललं आणि त्यात फ्रान्सचे दहा लाखांहून अधिक सक्तीचे सैनिक जाऊन आले. गंमत म्हणजे, गंमत कसली, फ्रेंच सरकार याला युद्ध म्हणायलाच तयार नव्हतं. ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ असं नाव होतं. कायद्यात ‘युद्ध’ हा शब्द आला तो थेट १९९९ मध्ये.

चित्रपटात एक बंदूकही दिसत नाही. पण गी १९५९ च्या मार्चमध्ये लंगडत परततो, कामावर चित्त नसतं, मालकाशी भांडतो, गुत्त्यात बसतो. युद्ध संपून दोन वर्षं होत नाहीत तोच गुलाबी भिंतींच्या चित्रपटात हे दाखवणं धाडसाचं होतं. ‘गोड प्रेमकथा’ म्हणून याला बाजूला सारणाऱ्यांना हा भाग दिसत नाही असं माझं मत आहे.

८. ‘तुझ्याशिवाय जगू शकणार नाही’ म्हणणारी मुलगी सहा महिन्यांत दुसऱ्याशी लग्न करते? हे प्रेम कसलं?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न, आणि बहुतेक वेळा रागात विचारलेला. उत्तर लांब आहे.

आधी व्यवहार पाहा. १९५८ च्या फ्रान्समध्ये सज्ञान वय एकवीस. जन्व्हिएव्हला आईच्या संमतीशिवाय गीशी लग्नच करता येत नव्हतं. संततिनियमनाची साधनं कायदेशीर झाली १९६७ मध्ये, गर्भपात १९७५ मध्ये. लग्नाआधी मूल झालेल्या मुलीकडे छोट्या गावानं कसं पाहिलं असतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दुकान बुडतंय. गीची पत्रं क्वचित येतात, दोन महिन्यांत एखादं.

पण चित्रपट तिला परिस्थितीची बळी ठरवून सोडून देत नाही. त्याहून अवघड गोष्ट तो तिच्याच तोंडून वदवतो : गीचा चेहरा आठवायला गेलं की आता फोटोतलाच चेहरा आठवतो. आई सुरुवातीला म्हणते, प्रेमापायी माणसं मरतात ती फक्त सिनेमात. पुढे मुलगी स्वतःलाच विचारते, त्याच्यासाठी मी जीव दिला असता, मग मी मेले का नाही? मला तरी हा चित्रपटातला सर्वांत क्रूर क्षण वाटतो. क्रूर, कारण तिला कोणी फसवलेलं नाही. आपल्या प्रेमाला मर्यादा आहे हे तिला स्वतःबद्दल कळतं, तेही पोटात पोर असताना.

तरीही तुम्ही तिच्यावर रागवणार असाल तर रागवा. गीसुद्धा रागावतोच.

९. सगळं त्या आईमुळे झालं ना?

आमच्या क्लबात यावर दरवेळी दोन तट पडतात, आणि वयानुसार पडतात. विशीतले आईला खलनायिका म्हणतात. ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली आहेत ते गप्प बसतात.

एमरीबाई मुलीला गीपासून लांब ठेवायला पाहतात, रोलां श्रीमंत आहे हे त्यांना दिसतं, आणि हो, तो त्यांनाही थोडा आवडलेला असावा अशी आन व्हेर्नोंच्या अभिनयात बारीक छटा आहे. पण त्या पत्रं लपवत नाहीत, खोटं बोलून लग्न लावत नाहीत. हीच गोष्ट आपल्याकडच्या जुन्या कौटुंबिक चित्रपटात असती तर आईनं एक तरी पत्र चुलीत घातलं असतं आणि शेवटच्या रिळात ते अर्धवट जळालेलं सापडलं असतं. दमीनं ते टाळलं. कोणा एकावर खापर फोडायची सोय त्यानं ठेवली नाही, आणि बरेच जण त्यामुळेच अस्वस्थ होऊन मला लिहितात. दुकानाच्या देण्याबद्दल वेगळं सांगायचं तर, त्यातले हजारोंतले आकडे ऐकून चकित होऊ नका. ते जुने फ्रँक. १९६० मध्ये शंभर जुन्यांचा एक नवा फ्रँक झाला.

१०. मूल दुसऱ्याचं आहे हे रोलांला माहीत असतं? की फसवणूक झाली?

माहीत असतं. त्याला हो म्हणण्याआधीच तिची अवस्था त्याला कळलेली असते, आणि तो सांगतो की हे मूल आपण दोघं वाढवू, ते आपलंच असेल. त्याआधी जेवणाच्या टेबलावरचं दृश्य आहे. जानेवारीत फ्रान्समध्ये एक केक कापतात, त्यात दडवलेला दाणा ज्याच्या वाट्याला येतो तो राजा किंवा राणी. दाणा जन्व्हिएव्हला मिळतो. राजा निवडायचा तर समोर पुरुष एकच, रोलां. कागदी मुकुट घातलेली ती त्याला अँटवर्पमध्ये पाहिलेल्या माता मेरीच्या चित्रासारखी दिसते. गरोदर मुलीला तो हे सांगतो, तेव्हा एमरीबाईंचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

तो इतका समजूतदार कसा, याचं उत्तर दमीच्या आधीच्या चित्रपटात आहे. ‘लोला’ (१९६१) मध्ये हाच रोलां कासार आहे, नटही तोच, मार्क मिशेल. नांत शहरातला हा रिकामटेकडा तरुण लोलावर प्रेम करतो आणि ती लहान मुलासह दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून जाते. शेरबूरमध्ये तो एमरीबाईंना ही हकीकत सांगतो तेव्हा पडद्यावर क्षणभर नांतचा तो जुना आच्छादित बाजारमार्ग दिसतो. ‘लोला’ पाहिलेला नसला तरी काही अडत नाही. पाहिलेला असेल तर पोटात कालवतं.

११. मादलेन म्हणजे गीची दुसरी पसंती, एवढंच?

तिलाही हीच भीती असते, आणि ती गीला तसं स्पष्ट विचारते. मावशीची सेवा केलेली ही अबोल मुलगी गीकडे पहिल्या भागापासून पाहत असते. आपण प्रेक्षक तेव्हा जन्व्हिएव्हकडे पाहत असतो, म्हणून ती दिसत नाही. गी मावशीच्या मागे राहिलेल्या पैशांतून पेट्रोल पंप घेतो, तिच्याशी लग्न करतो. शेवटी बर्फात मुलाला घेऊन परत येणारी मादलेन पाहा आणि मग ‘एवढंच’ म्हणता येतं का बघा.

१२. दोघांच्या मुलांची नावं सारखी कशी? योगायोग?

योगायोग नव्हे. जन्व्हिएव्हची मुलगी फ्रँस्वाझ, गी आणि मादलेनचा मुलगा फ्रँस्वा. पहिल्या भागात धक्क्यावरून चालताना दोघं भावी मुलांबद्दल बोलतात, तिथे हे नाव येतं. त्याच गप्पांत पेट्रोल पंपाचं स्वप्नही येतं. पुढे दोघांनी, एकमेकांना न सांगता, ठरलेलं नाव ठेवलं. मादलेनला ते कुठून आलं हे ठाऊक आहे का, याचा उलगडा चित्रपट करत नाही, आणि मला वाटतं तेच बरं.

१३. शेवटी गी स्वतःच्या मुलीला का भेटत नाही? इतका निष्ठुर?

१९६३ च्या डिसेंबरची रात्र, बर्फ, गीचा एस्सो पंप. काळ्या मर्सिडीजमधून फरचा कोट घातलेली जन्व्हिएव्ह येते, गाडीत मुलगी. आई वारली आहे. लग्नानंतर ती प्रथमच शेरबूरला आली आहे. ऑफिसात दोघं चार वाक्यं बोलतात. ती म्हणते, पोरगी बरीचशी तुझ्यासारखी आहे, तिला पाहायचंय? तो म्हणतो, मला वाटतं तू आता निघावंस.

गीला मुलीबद्दल ठाऊक आहे का, असंही काही जण विचारतात. ठाऊक नसतं तर तिला तो प्रश्न असा सरळ विचारता आला असता का?

निष्ठुर म्हणाल तर काचेपलीकडे चार पावलांवर लेक आहे आणि तो जात नाही, हे खरं. पण गेला असता तर काय? पाच वर्षांच्या मुलीला बाप आहे, पॅरिसमध्ये. मादलेन आणि फ्रँस्वा कुठल्याही क्षणी परत येणार आहेत. एकदा पाहिलं की त्या दाराला परत कडी लागणार नाही हे त्याला कळलेलं असावं. आमच्या क्लबातले एक निवृत्त शिक्षक मात्र दरवर्षी ठामपणे सांगतात की तो फक्त अजून रागावलेला आहे. तेही खोटं म्हणता येत नाही.

जाताना ती विचारते, तू बरा आहेस ना? तो म्हणतो, हो, अगदी छान. संगीत इथे टिपेला जातं आणि शब्द इतके सपाट. कुठलाही विलाप याहून कमी लागला असता.

१४. याला कान चित्रपट महोत्सवात ‘पाम दोर’ मिळाला की नाही? आणि ऑस्कर?

कानचा १९६४ चा सर्वोच्च पुरस्कार याला मिळाला, पण त्या वर्षापासून १९७४ पर्यंत त्या पुरस्काराचं नाव ‘ग्रां प्री’ होतं. म्हणून काही याद्यांत एक, काहींत दुसरं नाव दिसतं. मान तोच.

ऑस्करची पाच नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. नामांकनं दोन वेगवेगळ्या वर्षांची आहेत. परदेशी चित्रपटाचं आधीच्या वर्षी. पटकथा, गाणं आणि संगीताची दोन पुढच्या वर्षी. परदेशी चित्रपट त्याचा देश पाठवतो, बाकी विभागांसाठी तो अमेरिकेत प्रदर्शित व्हावा लागतो. मुख्य गाणं इंग्रजी शब्दांसह जगभर गेलं आणि असंख्य गायकांनी गायलं. तुम्ही ते आधी ऐकलेलं असण्याची शक्यता दाट आहे. ‘ला ला लँड’ पाहून इथे आलेल्यांना : होय, त्याच्या दिग्दर्शकानं हे ऋण उघडपणे मान्य केलं आहे.

१५. ते दुकान खरंच आहे का?

इमारत आहे, बंदराजवळच्या गल्लीत. चित्रीकरणाआधी तिथे लोखंडी सामानाचं दुकान होतं, छत्र्यांचं नव्हे. चित्रपट गाजल्यावर मात्र शेरबूरच्या नावानं छत्र्या बनवणारा उद्योग खरोखरच निघाला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत, वरून पाहिलेल्या पावसात, ज्या छत्र्या कवायत केल्यासारख्या इकडून तिकडे जातात, त्या पाहून ती विकत घ्यावीशी वाटली नाही तर नवल.

१६. दुसऱ्यांदा पाहणार आहे. काय पाहू?

तीन गोष्टी. निरोपाच्या आदल्या रात्री दोघं गल्लीतून जातात तेव्हा पाय हलत नाहीत, ती तरंगत पुढे सरकतात. कॅमेऱ्याबरोबर त्यांनाही गाडीवर उभं केलं आहे. दुसरी, पहिल्या भागात ती म्हणते, तुला पेट्रोलचा वास येतो, आणि तो म्हणतो, तेही एक अत्तरच. हे वाक्य लक्षात ठेवून शेवटच्या पंपावर या.

आणि तिसरी, पहिला संवाद. गॅरेजात गाडीचा मालक मेकॅनिक गीला विचारतो, ‘संपलं?’ म्हणजे काम. गी म्हणतो हो, इंजिन थंड असताना थोडं खडखडतं, पण ते चालायचंच.